चाळीस पावलं पूर्वेला

आमचे मेहुणे श्री. मन्मथअप्पा यांस, माळेवाडीहून चंद्रप्पा गुरुजींचा शरणार्थ. हे पत्र लिहावं लागतंय, कारण तुम्ही फोन उचलत नाही आणि व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणांपलीकडे उत्तर देत नाही. आपल्या दोन गावांमध्ये माळाएवढंच, म्हणजे तीन किलोमीटरचं अंतर; पण हे पत्र आधी जळकोटला जाणार, शिक्का खाणार आणि मग तुमच्याकडे वळणार. (सहा वर्षं आपण बोलत नाही, त्यात आणखी चार दिवसांचं काय.) तुमची शुगर कशी आहे? तुमच्या सोमेशच्या धाकट्याला दात आले असं ऐकलं. इकडे आमच्या सौ. गुणाबाई, म्हणजे तुमच्या अक्का, बऱ्या आहेत. महिन्यापूर्वी उदगीरला त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. सध्या काळा चष्मा आहे, तो येत्या सोमवारी निघेल. त्या सोमवारबद्दल पुढं लिहितो.

माळावरच्या तुमच्या शेतात कंपनीची पवनचक्की येतेय हे मी तुम्हाला सांगायला नको, जागा तुम्हीच दिलीत. ती नेमकी माझा ओटा आणि तुमचं गाव यांच्या मध्ये येते, हे मात्र तुमच्या ध्यानात आलं नसेल. चक्की उभी राहिल्यावर लोकांच्या डोळ्यांना कशी दिसेल, कुणाची नजर अडेल, आणि अडत असेल तर काय करावं, हे तपासायला पुण्याहून आरतीबाई म्हणून एक तज्ज्ञ आल्या होत्या. (यासाठी शिक्षण असतं, पगार असतो. मी एकतीस वर्षं पोरांना खिडकीबाहेर बघू नका म्हणून छड्या मारल्या. त्यातले दोन-तीन तरी या खात्यात चमकले असते.) मी निवृत्त, शिवाय नाही म्हणता येत नाही, म्हणून ग्रामपंचायतीनं मला त्यांच्यासोबत दिलं.

बाईंनी काय केलं, तर चक्कीच्या जागी, चक्कीच्याच उंचीवर, दोरी बांधून एक मोठा लाल फुगा सोडला आणि तो कुठल्या घरातून दिसतो याची यादी केली. इथंच घोटाळा झाला. आपल्याकडे यादी झाली की तिच्यात आपलं नाव हवंच. यादी कसली हे नंतर विचारता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओट्यापुढं आधार कार्डं आणि रेशन कार्डं घेऊन रांग लागली. आमचा गिरणीवाला वैजनाथ इथल्या पाण्याच्या टाकीमागं राहतो, त्याला फुगा दिसत नव्हता. 'दिसत न्हाई म्हंजे? म्या काय गावाभायेर ऱ्हातो का गुरुजी?' म्हणत तो पत्र्यावर चढला आणि फुग्याकडं बोट दाखवून त्यानं फोटो काढून घेतला. एका घरातल्या दोन भावांनी, आम्ही विभक्त आहोत, आम्हाला फुगा वेगवेगळा दिसतो, असा लेखी अर्ज दिला. मी तो आवक रजिस्टरला चढवून घेतला.

मग सरपंच व्यंकटराव. बाईंनी सुचवलं की चक्कीला आभाळात मिसळेल असा फिका राखाडी रंग द्यावा आणि गावाच्या बाजूनं लिंब-करंजाची दाट रांग लावावी. सरपंच लालबुंद झाले. 'बाई, गावात पैल्यांदा एवढी उंच वस्तू यायलीय, अन् तुम्ही तिला झाकायलात? झाकायचंच व्हतं तर आणली कशाला?' त्यांची मागणी अशी: वेशीच्या कमानीसारखा गुलाबी-पिवळा रंग, पात्यांना लायटिंग, आणि एसटीतून वाचता येईल असं पात्यावर गावाचं नाव. पातं फिरणार, नाव वाचायचं कसं, असं बाईंनी विचारलं. 'सावकाश फिरवा,' म्हणाले. बाईंनी तेही लिहून घेतलं.

सगळ्यात शेवटी माझं घर. तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं. अक्का नेहमीसारख्या संध्याकाळी ओट्यावर, तुमच्या गावाकडं तोंड करून बसल्या होत्या. बाईंनी विचारलं, रोज इथं बसून काय बघता? 'समोर माझ्या माहेरच्या शेतातली चिंच हाय की. ती बघा, हिरवी.' फुगा नेमका त्या हिरव्यापुढं डोलत होता. बाईंनी दुर्बीण लावली, काढली, पुसली, परत लावली आणि माझ्या हातात दिली. अप्पा, तिथं तुमच्या पाण्याच्या नव्या टाकीच्या बांधकामाला गुंडाळलेली हिरवी जाळी होती. चिंच तुम्ही चार वर्षांपूर्वी तोडलीत, हे मला तेव्हाच बाजारात कळलं होतं. घरी सांगायचं धाडस झालं नाही. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मी फरशीकडं. मग त्यांनी फॉर्मवर लिहिलं: जुनी चिंच, दृश्य अत्यंत महत्त्वाचं, चक्की चाळीस पावलं पूर्वेला सरकवावी. आणि कंपनीनं ते मान्य केलं! असलेल्या झाडासाठी रस्ता कधी जरासा वाकलेला मी पाहिला नाही, आणि इथं नसलेल्या झाडासाठी एवढी मोठी चक्की बाजूला होणार आहे.

बाकी विशेष नाही. सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. थोरांना शरणार्थ, लहानांना आशीर्वाद.

आपला,
चंद्रप्पा

ता. क. पूर्वेची चाळीस पावलंही तुमच्याच शेतात पडतात, म्हणून तुमची सही लागते. सोमवारी कंपनीचा माणूस सही आणि चिंचेचा फोटो घ्यायला येईल. सही करावी, आणि फोटोसाठी दुसऱ्या कुणाच्याही चिंचेखाली उभं राहावं. सोमवारीच अक्कांचा चष्मा निघतोय. टाकीची ती हिरवी जाळी आणखी दोन-तीन महिने ठेव, असं ठेकेदाराला सांगता आलं तर बघा.

आणखी एक ता. क. सोमेशच्या लग्नपत्रिकेत माझं नाव ट्रॅक्टर शोरूमवाल्याच्या खाली छापलं म्हणून मी भर पंगतीत ताटावरून उठलो आणि अक्कांनाही उठवलं. त्यांचा भात अर्धा राहिला होता. परवा ती पत्रिका पुन्हा काढली. नावं वयाप्रमाणं होती. चौकशी केली, तर शोरूमवाले माझ्याहून दोन वर्षांनी मोठे निघाले. चूक माझी होती, आणि सहा वर्षं भोगलं अक्कांनी. (हे वाचताना सोमेशला बाहेर पाठवावं.)

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवण्याआधी सवयीनं सगळं पत्र मोठ्यानं वाचलं. अक्का ओट्यावर आहेत हे विसरलो. त्या आत आल्या. डोळ्यांवर चष्मा नव्हता. म्हणाल्या, 'काढून चार दिस झाले, तुमचं ध्यान कुटं हाय? अन् चिंच गेल्याली मला त्याच वर्षी कळलंय. माहेरच्या बाया बाजारला येत न्हाईत व्हय? परक्या बाईला काय सांगू, भाऊ येतो का बघते म्हणून? म्हणून चिंच म्हन्ले. तिथनं रस्ता खाली उतरतो. मन्मथ गाडीवर निघाला तर लांबनंच दिसंल, च्याचं आधण ठेवाय येळ मिळंल.' तेव्हा अप्पा, चिंचेच्या फोटोचं राहू द्या, सही तेवढी करा. आणि शुगरमुळं चहा बिनसाखरेचा घेता की अजून दोन चमचे, एवढं फोन करून सांगा. निळ्या खुणांवरून आधण ठेवता येत नाही.