कुरणावरचा बंब

चिक्कडपल्ली, हैदराबाद
मे १९९७

प्रिय चिन्मय,

एकाच शहरात राहून आईचं पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. तब्येत बरी आहे, गुडघे तेवढे कुरकुरतात. पत्र गंगूच्या हाती पाठवते आहे. मराठी वाचायचं म्हणजे तुझ्या जिवावर येतं, अक्षरं लावत लावत वाचतोस, मला काय ठाऊक नाही? तरी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस आणि शेवटच्या पानावर उडीही मारू नकोस. कुकटपल्लीच्या तुझ्या नव्या ऑफिसात एसी लाव, चहा मागव आणि सावकाश वाच.

परवा तू माझं विमानाचं तिकीट टीव्हीवर ठेवून गेलास. कुलूकडचं, आपल्या खेचरवाल्या बिमलाच्या गावाचं वरचं कुरण आपल्याला मिळतंय, तिथे कॉटेजेस होणार, जनरेटर येणार, खोलीखोलीत गीझर लागणार, असं सांगत होतास. भूमिपूजनाचा नारळ मात्र मीच फोडायचा, कारण मी हो म्हटल्याशिवाय गावकरी जागा देणार नाहीत. केवढ्या आनंदात होतास! मी तुझ्यासाठी चहा टाकायला गेले. थकले आहे रे. हल्ली नाही म्हणायलासुद्धा दम लागतो.

तुझे बाबा गेल्यावर मी यात्रा कंपनी काढली, तेव्हा तू शाळेत होतास. नामपल्ली स्टेशनवर आपलं सामान बघून हमाल हसायचे. पिठाचे डबे, पुरणयंत्र, लोकांच्या देवांच्या पेट्या, आणि सगळ्यांत वर तो तांब्याचा बंब. आपली माणसं हिमालयात जातील, थंडीने कुडकुडतील, पण पारोशा अंगाने देवापुढे बसणार नाहीत. म्हणून मी जाहिरातीत छापलं होतं, डोंगरावरही रोज गरम पाण्याची आंघोळ. त्या एका ओळीवर कंपनी उभी राहिली आणि तू इंजिनियर झालास. खेचराच्या पाठीवर बसून बंब कुरणावर जायचा आणि बिमलाच्या गावची पोरं त्याच्या मागे मागे पळायची.

पण इतक्या उंचावर झाडं नसतात, बाळा. जमिनीला चिकटून वाढणारं एक सुवासिक झुडूप असतं तेवढंच. गावातले लोक त्याची चिमूटभर पानं देवापुढे धूप म्हणून जाळतात, आणि आपण त्याच्या मोळ्या बंबात घालायचो. पहिल्या वर्षी ते तंबूच्या दाराशी होतं. मग खेचराला पलीकडच्या उतारावर जावं लागायला लागलं. गंगू चिडली की दखनीत बोलते, हे तुला माहीत आहेच. एका सकाळी बंब पेटवता पेटवता फुंकणी फेकून म्हणाली, “ताई, अपन नहाने के वास्ते पहाड जलारे.” सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवशी मला अंगावर पाणी ओतून घेववेना.

मग मी मधला मार्ग धरला. रॉकेलचे स्टोव्ह नेले. पुढे एकाआड एक दिवस आंघोळ ठेवली. दरवर्षी आपल्याबरोबर येणाऱ्या हणमंतरावांनी सबंध सहलभर माझ्याशी अबोला धरला आणि पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कंपनीबरोबर गेले. एक वर्ष शेत पडीक ठेवतात तसं मी कुरण मोकळं सोडलं. तर आपल्या रिकाम्या जागेवर दुसऱ्यांनी तंबू ठोकले! या चार-पाच वर्षांत लोकांच्या हातात पैसा आला, घराघरात केबल आली, आणि पडद्यावर बर्फ दिसलं की सगळ्यांना तिथेच जायचं असतं. मी त्यांना का दोष देऊ? मीच तर त्यांना ती वाट दाखवली. मधल्या मार्गावर चालणाऱ्याला दोन्हीकडचे लोक शिव्या देतात, एवढंच मी शिकले.

बिमलाही काही संत नाही. आपल्या तंबूंवर, तिच्या खेचरांवर तिच्या मुली शिकल्या. तळं राखील तो पाणी चाखील, तिने चाखू नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण गेल्या खेपेला तिने मला गावाचा झरा दाखवला. वरचं कुरण उघडं पडल्यापासून पाऊस झाला की तो गढूळ येतो. पाणी गाळायला तिने आपली जुनी ओढणी बांधली होती. दीदी, कुरणाचं तुम्ही सांगाल तसं करू, म्हणाली. पुढच्या खेपेला सांगते, म्हणून मी उठले.

आता खरं सांगते. मराठीत आणि एवढं लांबलचक लिहिलं, कारण तुला ते वाचायला वेळ लागतो. समोरासमोर सांगितलं असतं तर तू मला बोलण्यात गुंडाळलं असतंस, आणि आईच ती, गुंडाळलीही गेले असते. माझी गाडी सुटल्यावर चौथ्या दिवशी पत्र द्यायचं, असं गंगूला बजावलं आहे. तू या ओळीपर्यंत येशील तोवर मी बिमलाच्या ओसरीवर बसलेली असेन, कुरण देऊ नकोस हे तिला सांगायला. नुसत्या नकाराने तिची चूल पेटत नाही, हेही मला कळतं. पाहुणे खाली गावातल्या घरांत उतरतील, तिच्या हातचं जेवतील, वर फक्त दिवसा आणि पायी जातील, असं काहीतरी मनात आहे. लोक येतील का? माहीत नाही. मला खरंच फार थकवा आलाय. पण तू रुसलास तर कधीतरी परत येशील, कुरण गेलं तर ते परत येणार नाही, म्हणून निघाले. माझं तिकीट टीव्हीवरच आहे. तू मात्र तुझ्या तिकिटावर ये. नारळ आण, बिमलाच्या ओसरीवर फोडून खाऊ. आणि माझ्याबरोबर वर यायचं असेल, तर आंघोळ खाली गावातच उरकून ये.

तुझीच पारोशी
आई