मायच्या फोटोले खिळा

ऊर्जानगर, मंगळवार

बाबा, पाया पडतो.

मी बरा हाय. खोकला पहिल्यापेक्षा कमी हाय, तुमच्या सुनेले, साधनाले, चिंता करू नोको म्हना. ती येळेवर जेवते ना?

तिचा फोन आला होता. आपल्या नव्या घरकुलात राहाले जाऊन आठ दिवस झाले, पन तुमी मासोळीचं जाळं अजून बाहेरच्या बाभळीलेच टांगता म्हने. भितीत खुटी ठोकू काय म्हून सरपंचाले विचाराले गेलते म्हने. सरपंच हासला. मले नाई हासू आलं, बाबा. सारी जिंदगी आपन दुसऱ्याच्या ढोरांच्या कोठ्यात राह्यलो. इथीबी खोलीचा मालक खिळा ठोकू देत नाई, माहा शर्ट खिडकीच्या सळाखीले असते.

पन हे घर ग्रामपंचायतीत तुमच्या नावानं चढलं हाय. कागद साधनाकडून वाचून घ्या.

मंग जाळ्यासाठी मोठी खुटी ठोका. मायचा फोटो किती साल पेटीत ठेवाचा? त्यालेबी एक खिळा ठोका. वाकडा गेला तर काढून दुसरा ठोका. भोक पडलं तर पडू द्या. ते भोकबी आपलंच हाय.

तुमचा,
हेमराज