गेल्या सात दिवसांतली औषधं

३ सप्टेंबर
लागले बाई एकदाची कामाला! प्रयोगशाळा चकचकीत, टेबल खिडकीशी. खेळाडूंच्या लघवीत उत्तेजक औषधं सापडतात का, ते तपासायचं. हेच मी दहा वर्षं केलंय. प्रमुख मॅडम कडक वाटल्या. म्हणाल्या, नाकं मुरडणारी माणसं इथे टिकत नाहीत. मी म्हटलं, माझं नाक कधीच कामातून गेलंय. तेव्हा हसल्या. नमुने उतरवून घेणारे काका तर भलतेच बोलघेवडे. बाटलीवर नाव नसतं, नुसता क्रमांक. मला तेच बरं.
आईला फोन केला. म्हणाली, तुझी धाकटी बहीण असती तर नाचली असती. मी विषय बदलला.

९ सप्टेंबर
एका नमुन्याचा आलेख बघून हातच थांबला. संप्रेरकांचं प्रमाण ज्याचं त्याचं वेगळं असतं, हस्ताक्षरासारखं. हे हस्ताक्षर मला पाठ आहे. धाकटीचं.
ती पळायची. शर्यतीआधी तिचा नमुना मी जुन्या नोकरीत गुपचूप तपासून द्यायचे. रक्त दाट करणारी इंजेक्शनं किती दिवस आधी थांबवली की सापडत नाहीत, हेही मीच सांगायचे. ती कधीच सापडली नाही. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी तोंड उघडलं नाही.
योगायोग असेल.

१२ सप्टेंबर
पुन्हा तोच आलेख, शिवाय त्याच इंजेक्शनचे अंश. बाटली फ्रीजमधून काढली तर कोमट. काका शपथेवर सांगतात, त्यांनीच काल आत ठेवली होती.
सोबतच्या कागदावर खेळाडूने गेल्या सात दिवसांतली औषधं लिहायची असतात. एरवी सर्दीची गोळी, फार तर जीवनसत्त्वं. इथे लिहिलं होतं, ताईला विचारा.

१३ सप्टेंबर
कागद मॅडमना दाखवला. म्हणाल्या, खेळाडू काय वाट्टेल ते लिहितात. ताईला विचारा म्हणे, मग विचारा की! आणि हसत सुटल्या. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. कागद घेऊन टेबलाशी परतले.

१६ सप्टेंबर
तीन बाटल्या. तिन्ही तिच्या. औषधाचं प्रमाण वाढत चाललंय — तिच्या शेवटच्या आठवड्यात होतं तेवढं. तिन्ही कागदांवर एकच ओळ. ताई, आता थांबवू का?
तिने फोनवर हेच विचारलं होतं. छातीत धडधडतं म्हणाली होती. मी म्हटलं, अजून चार दिवस घेतलीस तरी चालेल.
तिसऱ्या दिवशी ती —

१७ सप्टेंबर
आईला सांगितलं. सगळं. रडेल, शिव्या देईल वाटलं. ती शांतपणे म्हणाली, मला माहीत आहे. कालच सांगितलं तिने.
कोणी, ते मी विचारलं नाही.

१८ सप्टेंबर, सकाळचे अकरा
एक धावपटू नमुना द्यायला थेट इथेच आलीय. असं कधी होत नाही. नमुना देताना बाईमाणूस साक्षीला लागतं — मॅडम म्हणतात, तुम्हीच जा. काका म्हणाले, पोरगी घामाने निथळतेय, पण हात लागला तर गार — दुसरी कोणी नको म्हणते —
मी गेले नाही, खोलीला आतून कडी लावून बसलेय.

अकरा वीस
बाहेर पावलं. टाच न टेकवता. हळू धावत येणारी —
दाराशी थांबली. धाप ऐकू येतेय. हाक मारत नाही. नुसती उभी.
उघडायलाच हवं. तेव्हा एकदा थांबव म्हटलं असतं तर — आता म्हणते. कडी काढते आणि पहिला शब्द तोच —
कडी आपोआप