एक किलो शेव

आई,

तू होतीस तोवर मी तुला कधी आई म्हटलं नाही. मम्मी म्हणायचे, आणि त्यापुढचं सगळं हिंदीत. तू मराठीत विचारायचीस, मी हिंदीत उत्तर द्यायचे, आणि जानकीपुरमच्या आपल्या घरात ह्याचं कुणाला काही वाटत नसे. पप्पांच्या हवाई दलातल्या नोकरीमुळे मी लखनौतच वाढले; शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, गल्लीतली भांडणंसुद्धा हिंदी. तू आणलेली नगरची मराठी घरात फक्त तुझ्यापुरती उरली होती. त्यावरून तू कधी रागावली नाहीस. फक्त स्वयंपाकघरात तुझा एक कायदा होता: "मराठीत माग, लगेच देते." मी "मम्मी, पानी दो" म्हटलं की तू ऐकूच न आल्यासारखी कणीक मळत राहायचीस. शेवटी मी वैतागून "पाणी दे गं" म्हणायचे, आणि पेला हातात यायचा. मला तो तुझा खेळ वाटायचा.

आज तुला लिहायला बसले ते एका नाताळच्या जेवणावरून. माझी बारावी व्हायची होती. मला हॉटेल मॅनेजमेंटला जायचं होतं आणि आत्याला मला नर्सिंगला घालायचं होतं. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, नगरकडच्या एका दवाखान्यात मेट्रन. आईवेगळ्या पप्पांना तिनेच वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे आपल्या घरात दगडावरची रेघ. "हॉटेलात काय, लोकांची ताटं उचलणार का पोरगी?" असं तिनं फोनवर विचारलं आणि पप्पांनी मान डोलावली. फोनवर मान डोलावून काय उपयोग, पण डोलावली. मी दोन दिवस रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी तू भांडी विसळता विसळता पप्पांना म्हणालीस, "ताईंना नाताळला इकडं बोलवा. यंदाचं जेवण ही एकटी करील. त्या दिवशी मी शेगडीकडं फिरकणार नाही. जेवून मग काय ते ठरवा."

मी हुरळून गेले. मटणाचा रस्सा आणि पुलाव करून आत्याला काय दाखवणार? मी जगच ताटात वाढायचं ठरवलं. इंग्लंडचा खिम्याचा पाय, म्हणजे खाली खिमा आणि वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर; इटलीची मॅकरोनी; रशियाचं सॅलड; आणि शेवटी फ्रान्सचा सफरचंदाचा टार्ट. प्रत्येक पदार्थात खोचायला कागदाचे झेंडे रंगवले, टूथपिकला चिकटवले. तू ते झेंडे पाहिलेस आणि एवढंच म्हणालीस, "फ्रान्सचा उलटा झालाय." मग करंज्या तळायला बसलीस, कारण देश कितीही आले तरी करंजीवाचून नाताळ होत नाही, असं तुझं मत होतं.

आदल्या दिवशी तू अमीनाबादच्या बाजारात निघालीस, आत्यासाठी शाल घ्यायला. मी आतून ओरडले, "मम्मी, सेव ले आना! एक किलो, अच्छे वाले!" तू रिक्षात बसता बसता "बरं" म्हणालीस.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा आत्या येऊन खाटेवर टेकली होती. तू पिशवीतून कागदाचं मोठं पुडकं काढून माझ्या हातात दिलंस. उघडलं तर शेव. बारीक, पिवळीधमक, कुरकुरीत, किलोभर.

"ये क्या है?"

"शेव म्हणालीस ना? चांगली बघून आणली."

"मम्मी! सेव! सेव, यार! पीला नहीं, लाल, पेड़ पे लगता है!" मी इतकी चिडले होते की काय बोलतेय ते कळत नव्हतं. पप्पा हसून हसून खोकायला लागले. "अगं, इतकी वर्षं काढली लखनौत, अजून तुला सेव म्हणजे सफरचंद कळेना?" आत्यानं कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "घ्या. सुरुवातच अशी." तू शाल काढून तिच्यापुढं ठेवलीस आणि चहा टाकायला गेलीस. मला आठवतं, त्या क्षणी मला तुझा भयंकर राग आला होता. माझं सगळं आयुष्य त्या टार्टवर टांगलेलं आणि तू फरसाण घेऊन आली होतीस!

तेव्हा जानकीपुरममध्ये घरांपेक्षा मोकळे प्लॉट जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी उपासना, दुपारी जेवण. मधे शहरात जाऊन यायला वेळच नव्हता. सकाळी धुक्यातून एक सायकलवाला आला, "अमरूद ले लो, इलाहाबादी," असं ओरडत. मी धावत गेले आणि पिकलेले पेरू उचलले. बिया काढून, साखर आणि दालचिनी घालून शिजवले, आणि फ्रान्सच्या टार्टमध्ये गुपचूप भरले. मग ते पुडकं दिसलं. खिम्याचा पाय आपल्या गोल ॲल्युमिनियमच्या ओव्हनमध्ये वरून नुसता पांढरा राहिला होता, आजाऱ्याच्या पथ्यासारखा. मी त्यावर थोडं लोणी फिरवलं, मूठ भरून शेव पसरली आणि पुन्हा झाकण लावलं. तू दारात उभी होतीस. शब्द दिल्याप्रमाणे आत आली नाहीस.

आत्यानं प्रार्थना केली, नेहमीपेक्षा लांब. मग पहिला घास खिम्याचा घेतला. वरची शेव दाताखाली कुरकुरली. तिनं झेंड्याकडं पाहिलं.

"इंग्लंडात शेव मिळती व्हय गं?"

 तू पोळी वाढत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "आमच्या घरी मिळते, ताई."

आत्यानं परत घेतलं. मॅकरोनीला नाक मुरडलं, रशियाला हातही लावला नाही, पेरूचा टार्ट मात्र बशी पुसून खाल्ला. आणि हात धुता धुता पप्पांना म्हणाली, "हिला सुया टोचायला नको लावू. पेशंटवर शेव भुरभुरवील. जाऊ दे हाटेलात." माझं ठरलं ते असं.

आज एका मोठ्या हॉटेलचं सगळं स्वयंपाकघर मी सांभाळते, आई, आणि उत्तम सांभाळते. हे सांगायला मला लाज वाटत नाही. नाताळला आमच्याकडे किती देश मांडले जातात विचारू नकोस. खिम्याच्या पायावर अजून शेव असते. ज्यांनी ज्यांनी काढायला सांगितली त्यांना मी जेवायला बसवलं, आणि पुढचं खाणाऱ्यांनीच ठरवलं. तुझी ती फजिती मी मोठ्या मेजवान्यांत रंगवून सांगत आले: माझी भोळी आई, जिला इतक्या वर्षांत सेव आणि शेव यातला फरक कळला नाही. लोक खूप हसतात.

पण परवा फळवाल्यापुढं उभी होते. एक सफरचंद उचलून नाकाशी नेलं, आणि तोंडातून आपोआप आलं, "भैया, पिछली बार तुम्हारा सेव अंदर से काला निकला था." तसाच सूर, तसाच हात. हे वाक्य माझं नाही, तुझं आहे. त्या नाताळच्या आदल्या वर्षी पप्पांना कावीळ झाली होती, आणि तू रोज सकाळी त्याच शब्दांत दवाखान्याबाहेरच्या फळवाल्याशी भांडून त्यांच्यासाठी सेव आणायचीस. मी पिशवी धरून शेजारी उभी असायचे.

तुला सेव चांगलं माहीत होतं. मी मराठीत मागितलं नव्हतं, म्हणून माझ्या शब्दाचं मराठीत जे होतं ते तू आणून दिलंस. मी रडेन, चिडेन, पण ताट मांडीनच, ह्याची माझ्याहून तुलाच जास्त खात्री होती. आणि मग उरलेलं सगळं आयुष्य आम्हाला तुझ्यावर हसू दिलंस. एकदाही बोलली नाहीस गं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते मला कळतं. एवढं लांबलचक मराठी मी पहिल्यांदाच लिहिलं, तेही अडखळत, आणि का लिहिलं ते आता कबूल करते. मराठीत मागितलं की तू लगेच द्यायचीस. म्हणून मागून बघतेय. आई, ह्या नाताळला घरी ये.