दार लावून वाटलेला मसाला

प्रिय भाऊजी,

हे पत्र लिहून झालं की शेगडीत जाणार आहे, म्हणून खरं लिहिते. तुम्ही केटरिंगच्या धंद्यात भागीदारी मागितलीत, तेव्हा मी तुमच्या हातात गुप्ततेचा करार ठेवला. छाती फुगवून सही केलीत. तेव्हापासून रोज आपण दार लावून घेतो, तुम्ही मसाला वाटता आणि तुमची पाठ वळली की मी तो मोरीत ओतते. रश्शात बाजारचं पाकीटच जातं.

बायकोलासुद्धा तुम्ही अवाक्षर सांगितलं नाहीत. संशय घेऊन ती माहेरी गेली. आज तुम्ही तिला आणायला निघालात आणि इकडे तिचाच फोन आला.

"जाऊबाई, बंद दारामागे तुमचं दोघांचं काय चालतं, एवढंच सांगा. मी परत येते."

मी म्हटलं, "करार आहे गं. सांगता येत नाही."

मसाला भिजत घातलाय. लवकर या.

तुमची,
वहिनी