शंभरावी वात

पेण, मंगळवार, दिवेलागणीनंतर

सकाळी पुण्याहून महेशचा फोन आला. गणपतीला येशील ना, एवढंच विचारलं. तर म्हणतो, "शिफ्ट आहे गं आई. व्हिडिओवर दर्शन घेईन. तू मागच्या शतकातली, तुला नाय पटायचं." हसतच म्हणाला, पण दिवसभर टोचत राहिलं. म्हणजे माझा लेक दोन हजार सालचा, नव्या शतकातला, आणि मी एकटी मागे राहिलेली?

शेजारच्या कुंदाताईंना विचारलं. "व्हय गो, दोन हजारला नवीन शतक लागलं. फटाके नाय का फोडले सगळ्यांनी?" फोडले होते खरे.

संध्याकाळी देवापुढे वाती वळायला बसले. चातुर्मासात लाख वातींचा संकल्प केलाय. एकच बल्ब लावला, एकटीला पुरतो. शंभर वाती झाल्या की एक जुडी बांधायची. शंभरावी वात हातात आली आणि थांबलेच. ही पुढच्या जुडीत जाते का? छे, ह्याच जुडीत. पुढची जुडी एकशे एकपासून. मग सालांचंही तसंच ना? मोजणी एक सालापासून, म्हणजे दोन हजार हे विसाव्या शतकाचं शेवटचं साल. एकविसावं लागलं दोन हजार एकला. बोटांवर पुन्हा मोजलं. बरोबर आहे.

म्हणजे महेश माझ्याच शतकातला! माझ्याच जुडीतली शंभरावी वात.

लगेच फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शिफ्टला असेल.

जुडी बांधली. सांगायला घरात दुसरं कोण आहे? देवालाच सांगितलं.