अप्पांचं नाव आणि ह्यांचं बीपी

१३ जानेवारी २०२५, सोमवार
सोलापूरहून परंड्याला घरी आलो. ह्यांच्या गळ्याची गाठ काढली, विजेचा शेकही झाला. पण बीपी सांभाळणारी नसच त्यात गेली म्हणे! चिडले की भडकन् चढणार, एकदम उठले की उतरून चक्कर येणार. डॉक्टर मला म्हणाले, "मावशी, ह्यांना राग येऊ द्यायचा नाही. उठताना हात धरायचा."
गुटखा ह्यांनी खाल्ला — हात मी धरायचा!

१५ जानेवारी
गळ्यावर दोरा चालत नाही. गळ्यातलं इष्टलिंग दंडाला बांधून दिलं.

१९ जानेवारी
धाकटी जाऊ श्रीदेवी सहज म्हणाली, "अक्का, तुमच्या अप्पांची पुण्यतिथी आली की." मी ह्यांना मशिनचा पट्टा बांधूनच बसले होते. आकडा — २१०!
अप्पा गेले तेव्हा ह्यांनी मला माहेरी बेंबळीला बापाच्या मातीला जाऊ दिलं नाही. दुकानात बस्त्याचं गिऱ्हाईक होतं. "मेलेला माणूस काय वाट बघत बसलाय? आधी चहा टाक."
टाकला मी तो चहा.

२० जानेवारी, सोमवार
पूजा उरकली. पट्टा बांधला. हळूच म्हटलं, "अप्पांनी शेवटी माझंच नाव घेतलं म्हणे." चढलं!
सेल महाग, नाहीतर दिवसभर मोजलं असतं.

२ फेब्रुवारी
आता रोज काढते नाव. श्रीदेवी म्हणते, "अक्का, भावजींशी किती गोड बोलता हो!" गोडच बोलते. ओरडायला लागतंय कशाला?
महादेवा, बघतोयस ना? बघ मग.

१७ फेब्रुवारी, सोमवार
हे घरघरत म्हणाले, "उमा, शिवरात्रीला बेंबळीला जाऊ. अप्पांच्या समाधीला."
मी म्हटलं, "मेलेला माणूस काय वाट बघत बसलाय?"
श्रीदेवीनं पदर तोंडाला लावला. पट्टा बांधायचीही गरज पडली नाही — ह्यांच्या कपाळाची शीर तटतटलेली दिसत होती. रात्री शांत झोप लागली मला.

१ मार्च
शिवरात्रीला नेलं शेवटी. समाधीवर डोकं टेकलं ह्यांनी. तसंच वाकून म्हणाले, "तू मुद्दाम नाव काढतीस, म्हाईत हाय मला. बरोबरच हाय तुझं." अन् एकदम उठले. गेले ते तिथंच.
परवा माती झाली. ह्या मातीला मला कुणी अडवलं नाही. जो येतो तो म्हणतो, "तुम्ही तरी काय करणार, बाई!"
हात माझा जवळच होता.